‘ग्राहक घरी नव्हते’

समजा, डोंबिवलीतल्या एका घरी ३,५०० रुपयांचा मिक्सर ऑनलाइन मागवला. पहिल्याच दिवशी चटणीचं भांडं फिरवलं तर जळका वास आला आणि मोटर बंद पडली. ॲपवर रिटर्नची विनंती टाकली, ती लगेच मंजूरही झाली. मंगळवार, ३ जूनला सकाळी ९ ते संध्याकाळी ७ या वेळात माणूस येऊन मिक्सर घेऊन जाईल, असा मेसेज आला. घरातलं एक माणूस बिनपगारी रजा टाकून बसलं. कोणी आलं नाही. सात वाजून गेल्यावर मोबाइलवर एक ओळ उमटली: पिकअपचा प्रयत्न केला, ग्राहक घरी नव्हते.

गुरुवारी ५ तारखेला तेच, शनिवारी ७ तारखेलाही तेच. रविवारी विनंती आपोआप रद्द झाली आणि सोमवारी ॲप म्हणालं, परत करण्याची मुदत संपली.

यानंतर बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. कोणीतरी कस्टमर केअरवर तासभर भांडतं, नाहीतर मिक्सर माळ्यावर जातो आणि नवा आणला जातो. खरं तर मिक्सरचे पैसे परत मिळतात, वर वाया गेलेल्या दिवसांची भरपाईही मागता येते. पण त्यासाठी त्या एका ओळीच्या मागे काय आहे ते आधी समजून घ्यावं लागतं.

वस्तू घरी येताना जी साखळी चालते तीच रिटर्नच्या वेळी उलटी फिरते. रिटर्न मंजूर झाला की नवा एडब्ल्यूबी क्रमांक तयार होतो, म्हणजे पार्सलचा माग काढायचा क्रमांक. तो तुमच्या पिनकोडच्या हबकडे जातो. सकाळी हबमधला मुलगा डिलिव्हरीची पार्सलं भरून निघतो, त्याच्याच त्या दिवसाच्या यादीत तुमचं पिकअप असतं. डिलिव्हरी म्हणजे दार वाजवा, ओटीपी घ्या, पुढे चला. पिकअपचं तसं नसतं. दारात उभं राहून सिरियल नंबर जुळवायचा, भांडी-झाकणं मोजायची, फोटो काढायचे, खोकं तपासायचं. तेवढ्या वेळात त्याची दोन-तीन पार्सलं टाकून झाली असती, आणि त्याची कमाई बहुधा नगावर असते. त्यात स्कूटरवरची पिशवी आधीच फुगलेली. मिक्सरचं खोकं ठेवायचं कुठे?

तरीही दिवस संपताना यादीतल्या प्रत्येक क्रमांकासमोर काही ना काही कारण निवडावंच लागतं. ‘वेळ पुरला नाही’ असं लिहिलं तर हबला वरून जाब विचारला जातो. ‘ग्राहक घरी नव्हते’ लिहिलं की जाब ग्राहकाकडे सरकतो. या धंद्यातली माणसं याला ‘फेक रिमार्क’ म्हणतात. असे प्रयत्न ठरावीक वेळा, बहुधा तीनदा, फसले की यंत्रणा विनंती रद्द करून टाकते. तुमचे पैसे द्यायचे नाहीत असं कोणी बसून ठरवलेलं नसतं. पण कोणीच न ठरवता तेच घडतं, आणि दप्तरी मात्र चूक तुमची लागते. म्हणून त्या मुलाला फोनवर झापण्यात अर्थ नाही. तो तुमचा देणेकरी नव्हे. तुमचे पैसे ज्यांनी घेतले ते वेगळेच आहेत.

आता कायदा. आणि इथे मला सगळ्यात जास्त आवडणारं कलम ऑनलाइन खरेदीच्या कितीतरी आधीचं आहे. १९३० चा माल विक्री कायदा आजही लागू आहे. त्याचं ४३ वं कलम सांगतं की माल नाकारण्याचा हक्क असताना खरेदीदाराने तो नाकारला, तर तो विक्रेत्याकडे पोहोचवणं त्याच्यावर बंधनकारक नाही. नाकारत असल्याचं कळवलं तरी पुरे. उलट काही करार झालेला नसला तर, एवढीच अट. तो उलटा करार शोधायला जावं तर बहुतेक ॲपच्या अटींत ‘आम्ही दारातून घेऊन जाऊ’ असंच लिहिलेलं सापडतं. म्हणजे तुमचं काम नकार कळवण्याचं, उचलून नेण्याचं काम त्यांचं. तीन दिवस घरी बसणं हा तुम्ही त्यांच्यावर केलेला उपकार होता. कंपनीच्या कोणाशीही बोलताना हा उलटा क्रम डोक्यात पक्का ठेवावा, कारण कस्टमर केअरची सगळी भाषा तुम्हीच काहीतरी हुकवल्यासारखी असते.

याच कायद्यातलं ४२ वं कलम मात्र ग्राहकाच्या अंगावर येऊ शकतं. माल मिळाल्यावर तो आपलाच असल्यासारखा वापरला, किंवा नाकारतो आहोत हे न कळवता वाजवीपेक्षा जास्त काळ ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. तेव्हा ‘पिकअप येईपर्यंत कोरडी चटणी तेवढी करून घेऊ’ हा विचार सोडून द्यावा. मिक्सर पुसून, सगळी भांडी आणि बिलासह मूळ खोक्यात परत ठेवावा. खोकं फेकून दिलं असेल तर दारातली तपासणी तिथेच अडते आणि त्या वेळचं ‘पिकअप झालं नाही’ खरोखर तुमच्यामुळे ठरतं. मोबाइल किंवा लॅपटॉप परत करताना आधी आपली खाती आणि स्क्रीन लॉक काढून ठेवावं, हेही त्यातलंच.

दुसरा आधार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. ऑनलाइन खरेदी करणारा ‘ग्राहक’ आहे हे या कायद्याच्या व्याख्येतच स्पष्ट लिहिलेलं आहे. वस्तू पुन्हा विकायला किंवा धंद्यासाठी घेतलेली नसावी. पण घरी शिवणकाम करून पोट भरणाऱ्या बाईने स्वतः चालवायला घेतलेलं शिलाई मशीन चालतं. याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष वस्तू परत घ्यायला आणि तिचे पैसे द्यायला बिलावर दिलेल्या मुदतीत नकार देणं ही त्यातली एक प्रथा आहे. बिलावर मुदतच नसेल तर ती तीस दिवसांची धरली जाते. कंपनी अर्थातच म्हणणार, आम्ही नकार कुठे दिला, आम्ही तर माणूस पाठवला होता. तीनदा न येणं, मग स्वतःच विनंती रद्द करणं आणि वर मुदत संपली म्हणणं, हे सगळं मिळून नकारच होतो, हा तुमचा मुख्य युक्तिवाद. शिवाय कबूल केलेलं काम हयगयीने न करणं म्हणजे सेवेतली त्रुटी, हा त्याच कायद्यातला वेगळा मुद्दा आहे. वाया गेलेल्या दिवसांची भरपाई या दुसऱ्या मुद्द्यावर उभी राहते. पैसे परत मागायला पहिला मुद्दा आणि नुकसान मागायला दुसरा, अशी ही विभागणी तक्रारीत तशीच ठेवावी.

तिसरा आधार २०२० च्या जुलैत लागू झालेले ई-कॉमर्स नियम. सदोष निघालेली किंवा जाहिरातीत दाखवली तशी नसलेली वस्तू परत घ्यायला, तिचा परतावा द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असं ते म्हणतात. रोजच्या वापराच्या गोष्टीही त्यांत आहेत. प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क आपल्या संकेतस्थळावर द्यायचा. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. तक्रारीला मागोवा घेता येईल असा तिकीट क्रमांक द्यायचा. आणि तुम्ही लेखी मागितलंत तर प्रत्यक्ष विक्रेता कोण, त्याचा पत्ता काय, हेही ॲपच्या कंपनीने कळवायचं. ही शेवटची तरतूद लोक विसरतात. पुढे ग्राहक आयोगात जाताना विक्रेत्याचा पत्ता नसला की तक्रार तिथेच रखडते.

कोणाविरुद्ध तक्रार करायची, हा प्रश्न इथेच सुटतो. विक्रेता आणि ॲप चालवणारी कंपनी, दोघांविरुद्ध. ‘आम्ही फक्त मध्यस्थ, माल आमचा नाही’ हे ॲपवाल्यांचं ठरलेलं उत्तर आहे. पण पैसे त्यांनी घेतले, रिटर्न त्यांनी मंजूर केला, पिकअपची तारीख त्यांनी दिली आणि विनंती रद्दही त्यांच्याच यंत्रणेने केली. अशा वेळी हात वर करणं सोपं नसतं, आणि अनेक ग्राहक आयोगांनी ॲपवाल्यांनाही जबाबदार धरलं आहे. कुरिअर कंपनीशी तुमचा थेट करार नसतो, तिला कंपनीने नेमलेलं असतं. तिला तिसरा पक्ष म्हणून जोडता येतं, पण भर तिच्यावर देऊ नये. नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात आणि तुमच्या वाट्याला फक्त टोलवाटोलवी येते.

आता ‘ग्राहक घरी नव्हते’ या ओळीला उत्तर. कंपनीच्या दप्तरात तीन तारखांना तीन नोंदी आहेत. तुमच्याकडे नुसता राग असेल तर आयोगापुढे नोंद जिंकते. म्हणून तुमच्याही तीन नोंदी हव्यात, आणि त्या त्याच दिवशी केलेल्या हव्यात.

पिकअपच्या दिवशी सकाळीच ‘आज ९ ते ७’ हा मेसेज स्क्रीनशॉटमध्ये धरावा, संध्याकाळी ती खोटी ओळही धरावी. तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. मग पंधरा मिनिटांच्या आत ॲपच्या चॅटवर आणि ई-मेलवर एवढंच लिहावं: ‘आज दिवसभर घरी होतो. कोणी आले नाही, फोनही आला नाही. आपली नोंद चुकीची आहे. नवी तारीख द्यावी.’ नुसता फोन पुरत नाही. कंपनीच्या रेकॉर्डिंगवर तुमचा ताबा नसतो. त्या दिवसाच्या कॉल यादीचाही फोटो घ्यावा, म्हणजे ‘फोन केला, उचलला नाही’ हा पुढचा बचाव तिथल्या तिथे संपतो.

सोसायटीत राहणाऱ्यांकडे याहून चांगला साक्षीदार असतो: गेटवरची नोंदवही. प्रत्येक कुरिअरवाल्याला तिथे नाव, वेळ आणि फ्लॅट नंबर लिहावा लागतो. ३ जूनच्या पानावर तुमच्या फ्लॅटसमोर त्या कंपनीची नोंदच नसेल, तर त्या पानाचा फोटो आणि सेक्रेटरीच्या सहीचं दोन ओळींचं पत्र कंपनीच्या तिन्ही नोंदींना भारी पडतं. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, ते हवं असेल तर त्याच आठवड्यात मागावं. वॉचमनकाकांना पुढे साक्षीला बोलवायची वेळ सहसा येत नाही, पण त्यांच्या अक्षरातलं ते पान असू द्यावं.

रिटर्नची विनंती मुळात कधी टाकली तो स्क्रीनशॉट सगळ्यात मोलाचा, आणि नेमका तोच बहुतेकांकडे नसतो. विनंती रद्द झाली की ॲपमधून तिचा इतिहास कधी कधी दिसेनासा होतो. मुदतीचा वाद निघाला की प्रश्न एवढाच उरतो की तुम्ही मुदतीत कळवलं होतं का. विनंतीची तारीख मुदतीतली असेल तर पुढचा उशीर कोणाच्या खात्यावर मांडायचा हे उघड आहे.

मागायचं किती? इथे दोन टोकं दिसतात. काहीजण फक्त परतावा मागतात, काहीजण ३,५०० च्या मिक्सरसाठी पाच लाख. दुसऱ्या प्रकाराने तक्रारीचं वजन जातं. आपल्या मिक्सरचा हिशेब असा मांडता येईल: किंमत ३,५०० रुपये, त्यावर विनंतीच्या तारखेपासून नऊ टक्के व्याज, आयोगांच्या आदेशांत सहा ते नऊ टक्के सर्रास दिसतात. दोन दिवसांच्या बिनपगारी रजेचे रोजचे ८०० धरून १,६०० रुपये, सोबत मालकाचं किंवा ऑफिसचं पत्र. शनिवारी सुटीच होती, तर तो दिवस पैशांत मांडू नये. टपाल आणि झेरॉक्सचे ३००. मानसिक त्रासापोटी ५,००० आणि तक्रारीचा खर्च ३,०००. व्याज सोडून १३,४०० रुपये झाले. पहिल्या तीन रकमा कागदाने सिद्ध होतात, शेवटच्या दोन आयोगाच्या मर्जीवर असतात आणि बहुधा कापल्या जातात. ‘मानसिक त्रास’ हे शब्द अर्जात नुसते टाकू नयेत. घरात आजारी माणूस होतं, तीन दिवस बाहेर पडता आलं नाही, तीन आठवडे पाटा-वरवंट्यावर काम चाललं, असं जे खरं असेल ते लिहावं.

हा हिशेब घेऊन पहिलं पत्र तक्रार निवारण अधिकाऱ्याला. त्यात ऑर्डर क्रमांक, दोष काय आणि कधी कळवला, तिन्ही तारखा, रक्कम, आणि एक वाक्य आवर्जून: ‘ही वस्तू मी नाकारली आहे, ती वापरात नाही, आपल्या वतीने सांभाळून ठेवली आहे आणि पूर्वसूचना देऊन आपण ती कधीही घेऊन जाऊ शकता.’ कलम ४३ आणि ४२ दोन्हींची तजवीज या एका वाक्यात होते. पंधरा दिवसांची मुदत द्यावी. ई-मेल करावाच, वर एक प्रत स्पीड पोस्टानेही पाठवून पोचेचा कागद जपून ठेवावा. पैसे क्रेडिट कार्डाने भरले असतील तर त्याच आठवड्यात बँकेकडे व्यवहाराबद्दल हरकत नोंदवावी. त्या मार्गाला स्वतःची मुदत असते आणि ती कोणासाठी थांबत नाही.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. मराठीत बोलता येतं. ८८००००१९१५ वर व्हॉट्सॲपनेही तक्रार देता येते. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ती तुमची तक्रार कंपनीकडे पाठवते आणि पाठपुरावा करते. पण मोठ्या कंपन्यांनी तिच्यासाठी स्वतंत्र माणसं ठेवलेली असतात, आणि आठवडे अडकलेला परतावा इथून सुटल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. परतावा सुटतो, भरपाई मात्र इथे क्वचितच मिळते. तेव्हा ‘प्रकरण पूर्णपणे मिटले’ यावर हो म्हणण्याआधी आपल्याला भरपाईसाठी पुढे जायचं आहे का, ते ठरवावं. ३,५०० परत मिळाल्यावर बाकीचं सोडून देण्यातही काही कमीपणा नाही. पण सोडायचं तर ठरवून सोडावं, कंपनीच्या मेसेजमधल्या बटणावर अंगठा पडला म्हणून नव्हे.

पुढे जायचं तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. कंपनी बेंगळुरूची असो की गुरुग्रामची, तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. २०१९ च्या कायद्याने ही सोय केली, आणि मला विचाराल तर सगळ्या कायद्यात ग्राहकाला सर्वांत उपयोगी पडलेला बदल हाच. वकील लागत नाही. मुदत, कारण घडल्यापासून दोन वर्षं. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे पोर्टल सुरू आहे, त्यावर घरबसल्या तक्रार दाखल करता येते आणि व्हिडिओवर सुनावणीची विनंतीही करता येते. पनवेलच्या माणसाला अलिबागचा हेलपाटा वाचतो.

अर्जासोबत तारखांची यादी, बिल, स्क्रीनशॉट, गेटवहीचं पान, पत्र आणि त्याची पोच, आणि शपथपत्र. यातल्या तारखांच्या यादीवर एक अख्खी संध्याकाळ घालवावी. एक तारीख, एक ओळ, समोर कागदाचा क्रमांक. आयोगातल्या सदस्यांपुढे रोज कितीतरी फायली येतात आणि त्यातली अनेक पानं संतापाने भरलेली असतात. ज्या फाइलीत पहिल्याच पानावर ‘३ जून, ५ जून, ७ जून’ एकाखाली एक दिसतात ती फाइल समजायला दोन मिनिटं लागतात. लिहायला मदत हवी असेल तर ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते करतात. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी सुरू केलेली ही चळवळ, पुढच्याच वर्षी निघालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीसह, अजून टिकून आहे.

तक्रार दाखल करून घेतली की समोरच्याला उत्तरासाठी तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा मिळतात. वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागणार नसेल तर तीन महिन्यांत निकाल द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ लागतो, हे मनाशी धरूनच उतरावं. मात्र नोटीस पोहोचल्यावर कंपनीचा फोन येण्याची शक्यता बरीच असते, कारण ३,५०० रुपयांसाठी वकील उभा करणं तिलाही परवडत नाही. तोंडी तडजोड करू नये. रक्कम, तारीख आणि खातं लिहून घ्यावं, आणि पैसे जमा झाल्यावरच तक्रार मागे घ्यावी. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला अपील करायचं असेल तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे जाऊन अर्धी रक्कम आधी भरावी लागते. आदेश पाळलाच नाही तर किमान एक महिन्याचा कारावास किंवा किमान २५,००० रुपये दंड, अशी शिक्षेची तरतूद आहे.

मिक्सर मात्र तोपर्यंत माळ्यावर जपायचा, खोक्यासकट. अर्जातच मागणी करावी की कंपनीने तो स्वखर्चाने, निदान दोन दिवस आधी कळवून आणि दोन तासांची नेमकी वेळ देऊन घेऊन जावा. देताना सिरियल नंबर दिसेल असा व्हिडिओ काढावा आणि पिकअपची पोच घेतल्याशिवाय खोकं हातातून सोडू नये. आणि त्या दिवशीही मेसेज सकाळी ९ ते संध्याकाळी ७ असाच आला, तर त्याचाही स्क्रीनशॉट काढून ठेवावा.